महिन्याला दहा टक्के? पैसे पाठवण्याआधी करायची तपासणी

‘रोज दोन टक्के’, ‘महिन्याला दहा टक्के आणि मुद्दल सुरक्षित’ असे सांगणाऱ्या ऑनलाइन योजनेची लिंक आपल्यापर्यंत बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडूनच पोहोचते. मावसभाऊ पाठवतो, सोसायटीच्या ग्रुपवर येते, शाळेतला जुना वर्गमित्र फोन करतो. त्याच्या खात्यात खरोखर पैसे जमा झालेले असतात. तो स्क्रीनशॉट दाखवतो, आणि मग नाही म्हणायला आपल्याकडे काही उरत नाही. अशा योजनेचा पहिल्यांदाच विचार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या दिल्या त्याच क्रमाने करा. पहिल्या दोनला फक्त फोनवरचे कॅल्क्युलेटर लागते, आणि बहुतेक योजना तिथेच गळतात.

पायरी १: दर वर्षावर आणा

जाहिरातीतला दर दिवसाचा, आठवड्याचा किंवा महिन्याचा असतो, कारण लहान आकडा ऐकायला साधा वाटतो. तुम्ही आधी तो वर्षावर आणा. महिन्याला १० टक्के म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला १२० टक्के. मिळालेला परतावा पुन्हा त्यातच घातला तर वर्षअखेर एक लाखाचे सुमारे ३ लाख १४ हजार होतात. रोज २ टक्के चक्रवाढीने ३६५ दिवस मिळाले तर एक लाखाचे १३ कोटींहून जास्त. हा आकडा कागदावर स्वतःच्या हाताने लिहा. तोंडी ऐकलेले ‘दोन टक्के’ आणि लिहिलेले ‘१३ कोटी’ यांचा मनावर होणारा परिणाम वेगळा असतो.

आता शेजारी कायदेशीर जगातले दर मांडा. ठेवी घेण्याची परवानगी असलेल्या बिगर-बँक वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने वर्षाला १२.५ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज देण्यास मनाई केली आहे. सेन्सेक्सचा पाया १९७९ मध्ये १०० धरला गेला आणि २०२४ च्या जुलैत तो ८० हजारांवर गेला. म्हणजे पंचेचाळीस वर्षांत सरासरी सुमारे १६ टक्के वाढ, तीही कसलीच हमी नसताना. याच निर्देशांकाने २००८ मध्ये जानेवारीच्या शिखरावरून ऑक्टोबरपर्यंत निम्म्याहून जास्त आपटी खाल्ली होती.

यावरून मी एक सोपी रेघ आखली आहे. ‘हमी’ हा शब्द आणि १२.५ टक्क्यांच्या वरचा वार्षिक दर एकाच वाक्यात आले, की पुढचे प्रश्न विचारायची मला गरज वाटत नाही. कंपन्यांच्या रोख्यांवर कधी याहून थोडे जास्त व्याज मिळते, पण तिथे कंपनी अडचणीत आली तर पैसे अडकू शकतात हे कागदावर लिहिलेले असते, हमी दिलेली नसते.

मुंबईतले टोरेस प्रकरण या पायरीवरच तपासून बघा. २०२४ च्या सुरुवातीला दादर, सानपाडा, कल्याण, मीरा रोड, कांदिवली अशा ठिकाणी दागिन्यांची चकचकीत दालने उघडली. मॉइसनाइट नावाचे कृत्रिम खडे विकत घ्या, त्यावर दर आठवड्याला ठरावीक परतावा मिळेल, अशी ती योजना होती. आठवड्याला ६ टक्के आणि पुढे त्याहूनही जास्त. सहा टक्के म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला ३१२ टक्के. डिसेंबरअखेर पैसे येणे थांबले आणि ६ जानेवारी २०२५ ला दादरच्या दालनासमोर गर्दी उसळली. पैसे घालणाऱ्यांत भाजीविक्रेते होते, फेरीवाले होते, छोटे दुकानदार होते. रोजच्या धंद्यात रुपया-रुपयाचा हिशेब ठेवणारी ही माणसे, त्यामुळे त्यांना हिशेब येत नव्हता असे मी म्हणणार नाही. दर आठवड्याचा होता आणि आठवड्याला पैसे मिळत होते, म्हणून तो वर्षावर आणायची वेळच कोणावर आली नाही.

पायरी २: परतावा कुठल्या पैशातून येतो ते शोधा

योजना सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘खात्रीने महिन्याला दहा टक्के कमावणारा धंदा तुमच्याकडे असेल, तर बँकेचे कर्ज का घेत नाही?’ धंद्याला बँक वर्षाला बारा-पंधरा टक्क्यांनी कर्ज देते. ते सोडून कोणी तुम्हाला वर्षाला १२० टक्के का द्यावेत? ‘आम्हाला सामान्य माणसाला श्रीमंत करायचे आहे’ हे या प्रश्नाचे उत्तर होत नाही. ‘बँका किचकट असतात’ हेही नाही. या प्रश्नाला मला आजवर पटेल असे उत्तर मिळालेले नाही.

यातले यंत्र शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसांत ५० टक्के देत होता. एका देशातली टपाल कूपने स्वस्तात घेऊन दुसऱ्या देशात महाग वटवतो, असे तो सांगे. एका वित्त पत्रकाराने हिशेब मांडला, की पॉन्झीने घेतलेल्या रकमेला पुरायची तर सोळा कोटी कूपने चलनात हवीत. प्रत्यक्षात होती सत्तावीस हजारांच्या आसपास. जुन्या गुंतवणूकदारांना मिळणारे पैसे नव्या गुंतवणूकदारांचे होते.

हेच छोट्या आकड्यांत बघा. शंभर जणांनी प्रत्येकी एक लाख घातले, एक कोटी जमले. आणणाऱ्यांना दहा टक्के कमिशन गेले, उरले ९० लाख. दर महिन्याला शंभर जणांना दहा-दहा हजार द्यायचे, म्हणजे १० लाख. काहीही न कमावता, कुठेही न गुंतवता, ही योजना नऊ महिने बिनचूक पैसे देऊ शकते. त्या नऊ महिन्यांत आणखी तीनशे जण आले तर मुदत वाढते, देणेही वाढते. चालक मध्येच मोठी रक्कम उचलतो, तेवढी मुदत कमी होते. म्हणून ‘सहा महिने झाले, एक हप्ता चुकला नाही’ या वाक्यावरून धंद्याविषयी काहीच कळत नाही. फक्त तिजोरी अजून रिकामी झालेली नाही एवढेच कळते.

वरवर सांगितली जाणारी गोष्ट मात्र काळाप्रमाणे बदलते. २०११ मध्ये स्पीक एशिया होती: ११ हजार रुपये भरा, आठवड्याला दोन ऑनलाइन सर्वेक्षणे भरा, प्रत्येकी ५०० रुपये मिळवा. सर्वेक्षणांचे पैसे देणारे ग्राहक कोण, हा प्रश्न विचारला जाऊ लागला आणि त्याच वर्षी योजना कोसळली. मग गेनबिटकॉइन आले. बिटकॉइन द्या, आम्ही क्लाउड मायनिंग (दूरच्या संगणकांवर नवी बिटकॉइन मिळवणे) करू, अठरा महिने दरमहा १० टक्के घ्या. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्यात अटका केल्या, आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. त्या प्रकरणातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेवटी-शेवटी लोकांना बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे, त्याच मंडळींनी काढलेले नाणे परतावा म्हणून दिले गेले. तुम्ही दिले ते एक, आणि परत मिळते ते योजनेचेच स्वतःचे ‘टोकन’, असे झाले की खरा पैसा संपत आला आहे असे समजा. हल्ली एआय ट्रेडिंग बॉट, फॉरेक्स (परकीय चलनाचा व्यापार), क्रिप्टो आर्बिट्रेज (एका बाजारात स्वस्त घेऊन दुसऱ्यात महाग विकणे) या गोष्टी सांगितल्या जातात. प्रश्न बदलत नाही: बाहेरचा ग्राहक कोण, तो कशाचे पैसे देतो, आणि हे मला ताळेबंदात दाखवता का?

पायरी ३: देखरेख कोणाची, ते स्वतः बघा

‘सगळे लीगल आहे’ म्हणून जे प्रमाणपत्र दाखवले जाते ते नीट वाचा. बहुतेक वेळा ते कंपनी नोंदणीचे असते. सोबत जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, कधी आयएसओ. यातल्या एकाही कागदाने जनतेकडून ठेवी घ्यायची परवानगी मिळत नाही. कंपनी तर कोणीही काही दिवसांत काढू शकतो. नोटरी केलेला करारनामा आणि पुढच्या तारखांचे धनादेश यांनीही योजना कायदेशीर होत नाही. वाद झाला तर ते तुमच्या हातातले पुरावे ठरतात, एवढाच त्यांचा उपयोग.

पैसे कशासाठी घेतले जातात त्यावर देखरेख करणारी संस्था ठरते. ठेव असेल तर रिझर्व्ह बँक किंवा कंपनी व्यवहार मंत्रालयाचे नियम. शेअर, म्युच्युअल फंड, सल्ला, पोर्टफोलिओ सेवा असेल तर सेबी. विमा असेल तर आयआरडीएआय. चिट फंड असेल तर राज्याचा चिट निबंधक. सहकारी पतसंस्था असेल तर सहकार खाते, आणि तीही ठेव फक्त सभासदांकडून घेऊ शकते. यातल्या कोणत्याच खणात योजना बसत नसेल आणि तरीही पैसे परत करण्याचे वचन देऊन ते घेतले जात असतील, तर ती ‘अनियंत्रित ठेव योजना’ ठरण्याची दाट शक्यता असते. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अशा योजनांवर सरसकट बंदी आहे. ठेवीला ‘नफ्यातली भागीदारी’, ‘पॅकेज’ किंवा ‘स्टेकिंग’ असे नाव दिल्याने सुटका होत नाही.

तपासणी करताना एक पथ्य पाळा: त्यांनी दिलेली लिंक वापरू नका. नियामकाचे संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा. सेबीच्या यादीत नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही जुळवा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा आयएनएचने, दलालाचा आयएनझेडने. पण क्रमांक खरा निघाला म्हणून समोरचा माणूस खरा असतो असे नाही, कारण नोंदणीकृत दलालांची नावे, बोधचिन्हे आणि क्रमांक चोरून बनावट ॲप आणि व्हॉट्सॲप ग्रुप चालवले जातात. म्हणून यादीत दिलेल्या दूरध्वनीवर फोन करून ‘हा ग्रुप तुमचा आहे का’ असे विचारा. २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘@वॅलिड’ असा शब्द असलेले वेगळे यूपीआय पत्ते सुरू केले आहेत. ‘सेबी चेक’ या सोयीतून असा पत्ता किंवा बँक खाते खरे आहे का ते बघता येते. आणि हे विसरू नका: खऱ्या नोंदणीकृत सल्लागारालाही परताव्याची हमी द्यायला मनाई आहे.

फॉरेक्सच्या नावाने कोणी बोलावत असेल तर रिझर्व्ह बँकेची अनधिकृत मंचांची सावधगिरी यादी बघा. ती २०२२ पासून प्रसिद्ध होते आणि त्यात वेळोवेळी भर पडते. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ मात्र काढू नका. भारतात राहणाऱ्या माणसाला चलनाचे व्यवहार मान्यताप्राप्त शेअर बाजारांवर, ठरलेल्या चलन-जोड्यांतच करता येतात. कुठल्याशा बेटावरचा ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ इथे उपयोगाचा नाही. उद्या भांडण झाले तर तुम्ही त्या बेटावर जाऊन दाद मागणार आहात का?

क्रिप्टोबाबत लोकांची एक ठराविक गल्लत होते. ‘सरकार ३० टक्के कर घेते, म्हणजे सरकारची मान्यता आहे.’ कर उत्पन्नावर असतो, योजनेला शिक्का मारण्यासाठी नसतो. काही क्रिप्टो एक्स्चेंज एफआययूकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाकडे, नोंदणीकृत आहेत, पण ती नोंदणी काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखालची आहे. तुमचे पैसे बुडाल्यावर भरपाई देणारी व्यवस्था तिच्यात नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. क्रिप्टो योजनेला कसलाच विमा नाही.

शेवटी रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर जा. कोणत्या संस्थेला ठेवी घेता येतात ते तिथे शोधता येते, आणि संशयास्पद योजनेची तक्रारही करता येते.

पायरी ४: पैसे कोणाच्या खात्यात जातात

पैसे पाठवायच्या पडद्यावर लाभार्थीचे जे नाव उमटते ते वाचा. योजना एका नावाची आणि खाते भलत्याच ट्रेडिंग कंपनीचे, फर्निचरवाल्याचे किंवा खासगी व्यक्तीचे, तर तिथेच थांबा. दर वेळी नवे खाते दिले जात असेल तर ही बहुधा भाड्याने घेतलेली खाती असतात. रोख मागणे, यूएसडीटी (डॉलरशी जोडलेले क्रिप्टो नाणे) विकत घेऊन पाठवायला लावणे, ‘माझ्या खात्यात टाक, मी तुझा आयडी टॉप-अप करून देतो’ असे म्हणणे, या तिन्हींचा परिणाम एकच होतो. तुम्ही कंपनीला पैसे दिलेत याचा माग उरत नाही.

याची उलट बाजूही बघा. परतावा जर दर वेळी अनोळखी माणसांच्या खात्यांतून येत असेल, तर त्यातला एखादा पैसा दुसऱ्या कोणाच्या तक्रारीतला असू शकतो, आणि मग पोलिसांच्या सूचनेवरून तुमचे खाते गोठते. स्वतःचे खाते ‘काही दिवस वापरायला’ तर कोणालाही देऊ नका, कितीही कमिशन मिळो.

पायरी ५: ‘थोडे घालून, काढून बघू’ याला पुरावा मानू नका

हा सल्ला शहाणी माणसेही देतात आणि मला तो सगळ्यांत धोकादायक वाटतो. मी आयकर विवरणपत्रे भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे लोकांची बँक स्टेटमेंट समोर येतात. अशा योजनेत अडकलेल्यांच्या स्टेटमेंटमध्ये क्रम सहसा सारखाच दिसतो. पहिल्यांदा पाच-दहा हजार बाहेर जातात. मग काही आठवडे नियमित जमा. कधी पहिले मुद्दलही परत आलेले असते. आणि त्यानंतर एकदम मोठी रक्कम: मोडलेली ठेव, सोनेतारण कर्ज, पीएफचे पैसे. छोटी रक्कम परत देणे हा योजनेच्या आखणीचाच भाग असतो. सुरुवातीचे दहा हजार परत केल्याशिवाय पुढचे दहा लाख येत नाहीत, हे चालवणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

टेलिग्रामवरच्या ‘टास्क’ फसवणुकीतही हेच होते. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, पन्नास-शंभर रुपये खात्यात येतात. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होते, आणि रक्कम दर फेरीत वाढत जाते.

बनावट ट्रेडिंग ॲपमध्ये तर पडद्यावरचा नफा म्हणजे कोणीतरी टाइप केलेला आकडा असतो. तिथे खरा बाजार नसतो, डीमॅट खाते नसते. विड्रॉल मागितले की मागण्या सुरू होतात: आधी कर भरा, मग खाते ‘अनफ्रीझ’ करायचे शुल्क, मग सुरक्षा ठेव. इथे एक गोष्ट पक्की धरा. खरा कर तुम्ही सरकारकडे भरता किंवा मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो. स्वतःचेच पैसे काढण्यासाठी ॲपच्या खात्यात आधी कर पाठवायचा, असा कुठलाही नियम नाही. खरे शेअर घेतले असतील तर ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या एकत्रित खातेपत्रकात दिसतात. तिथे दिसत नाहीत तर ते तुमच्याकडे नाहीत.

ॲप प्ले स्टोअरऐवजी एपीके फाइलने टाकायला सांगितले, किंवा मदतीच्या नावाखाली स्क्रीन शेअर करायला लावले, तर गुंतवणुकीच्या आधी बँक खातेच धोक्यात येते.

पायरी ६: सांगणाऱ्याला त्याचे कमिशन विचारा

ही पायरी अवघड आहे, कारण इथे आकडे संपतात आणि नाती सुरू होतात. निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या ताई, भजनी मंडळातले काका, ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे अशांनाच योजना आधी गाठते. ते मुद्दाम फसवत नसतात. त्यांनी स्वतःचे पैसे घातलेले असतात, त्यांना परतावा मिळालेला असतो, आणि आपल्या माणसांचे भले व्हावे असे त्यांना मनापासून वाटत असते. म्हणून ‘तो कशाला फसवेल?’ हा प्रश्न इथे कामाचा नाही. त्याने पहिल्या चार पायऱ्या केल्या होत्या का, ते विचारा.

सरळ विचारा: ‘दादा, माझ्या नावावर तुला किती टक्के मिळणार? आणि मी खाली दोघे आणले तर?’ अपलाइन, डाउनलाइन, लेग, मॅचिंग, रँक असे शब्द आले, तर पैसे माणसे जोडण्यातून येत आहेत. माणसे जोडण्यावर चालणाऱ्या पैशाच्या साखळ्यांवर आपल्याकडे १९७८ पासून बंदी आहे.

नकार द्यायला जड जात असेल तर हे वाक्य वापरून बघा: ‘मामा, तुमच्यावर विश्वास आहे, पण कंपनीला मी ओळखत नाही. सेबी किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना दाखवला तर बघू.’ भांडण होत नाही आणि चेंडू योग्य माणसाकडे जातो. आणि जमले तर मामांना तिथेच न थांबता पुढचेही सांगा, कारण २०१९ च्या कायद्यात अशी योजना चालवणाऱ्याला दोन ते सात वर्षे, तर तिच्यात पैसे घालायला लोकांना आणणाऱ्यालाही एक ते पाच वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. ‘मी फक्त लिंक पाठवली’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांना ही तरतूद माहीतच नसते. योजना बुडते तेव्हा चालक परदेशात असतो, आणि लोक ज्याच्या दारात येतात तो हा गावातलाच माणूस असतो.

पायरी ७: निर्णय

इथवर आल्यावरही काही जण म्हणतात, ‘कळतंय की ही साखळी आहे, पण लवकर शिरू आणि लवकर निघू.’ माझा याला विरोध दोन कारणांनी आहे. एक, योजना कधी थांबणार हे फक्त चालकाला माहीत असते. थांबण्याच्या आधीच्या आठवड्यांत दर वाढवले जातात, ‘मर्यादित मुदतीची’ जादा योजना येते, विड्रॉलला मुदत लावली जाते, आणि बाहेर पडायचे ठरवलेली माणसे नेमकी तेव्हा आणखी पैसे घालतात. दोन, तुम्ही निघालात तर तुमच्या खिशात आलेला नफा तुमच्यानंतर आलेल्या कोणाचे तरी मुद्दल असते. ते माणूस बहुधा तुमच्याच ग्रुपमधले असते.

तरीही एखाद्याला जोखीम घ्यायचीच असेल तर ती कायद्याच्या चौकटीतल्या जागी घ्या. शेअर बाजारात नुकसान होऊ शकते, मोठेही होऊ शकते, पण शेअर तुमच्या नावावर असतो आणि तक्रार घ्यायला सेबीची ‘स्कोअर्स’ यंत्रणा असते.

निर्णय त्याच दिवशी घेऊ नका. ‘आज रात्री बारापर्यंतच’ असे सांगणाऱ्या योजनेला रात्री बारा वाजून जाऊ द्या. घरातल्या दुसऱ्या एका माणसाला, शक्यतो ज्याला योजना आवडलेली नाही अशाला, सगळे कागद दाखवा. आधार, पॅन आणि सेल्फी व्हिडिओही तोवर देऊ नका.

पैसे आधीच गेले असतील तर

पहिले काम, आणखी एक रुपयाही पाठवू नका. अडकलेले सोडवण्यासाठी म्हणून जे मागतील ते तर मुळीच नाही.

दुसरे, ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात. पहिल्या काही तासांत तक्रार पोहोचली तर वाटेतल्या खात्यात रक्कम रोखता येण्याची शक्यता असते, दिवस उलटतील तशी ती घटत जाते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. त्याच दिवशी आपल्या बँकेला लेखी कळवा. बँक भरपाई देईल असे मात्र गृहीत धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांतले ग्राहकाचे संरक्षण तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन तुम्हीच टाकलेला असतो.

तिसरे, पुरावे गोळा करा, आणि ग्रुप सोडण्याआधी करा. चॅट एक्स्पोर्ट करा, ॲपचे आणि डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट घ्या, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक), खात्याचे नाव, करारनामा, पावत्या, सभांचे व्हिडिओ, क्रिप्टो पाठवले असेल तर वॉलेटचा पत्ता आणि व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख-कोड). योजना बुडाली की संकेतस्थळ आणि ग्रुप रातोरात नाहीसे होतात.

चौथे, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. त्याखाली चालकांची मालमत्ता जप्त करून, विशेष न्यायालयामार्फत विकून ठेवीदारांना पैसे वाटता येतात. टोरेस प्रकरणातही हा कायदा लावला गेला. मोठी प्रकरणे आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात. एकाच योजनेतल्या लोकांनी एकत्र येऊन, प्रत्येकाची रक्कम आणि पुरावे नीट तक्त्यात मांडून तक्रार दिली तर तपास अधिकाऱ्याचेही काम सोपे होते. पुढच्या तारखेचा धनादेश वटला नसेल तर बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत नोटीस जायला हवी, त्यात उशीर करू नका.

पैसे परत मिळायला किती काळ लागतो याची खोटी आशा मी दाखवणार नाही. जमिनीच्या नावाखाली लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या पर्ल्स म्हणजे पीएसीएल कंपनीच्या प्रकरणात सेबीने २०१४ मध्ये परतफेडीचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१६ मध्ये न्या. लोढा समिती नेमली गेली, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने, सर्वांत छोट्या दाव्यांपासून सुरुवात करून पैसे दिले जात राहिले. याच काळात ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणणारे फोन येतील. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. आगाऊ शुल्क मागणारा ‘वसुली तज्ज्ञ’ ही दुसरी फसवणूक असते.

आणि घरात सांगा. नवरा-बायकोपासून, मुलांपासून हे लपवले जाते, मग लपवण्यासाठी नवे कर्ज काढले जाते, आणि माणूस एकटा पडतो. झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

तुमच्या सांगण्यावरून कोणी पैसे घातले असतील, तर त्यांना आजच फोन करा, योजना अजून पैसे देत असली तरी. तुमच्या पुढच्या हप्त्याची वाट न पाहता करा. त्यांना १९३० हा क्रमांक द्या, आपल्याला मिळालेल्या कमिशनची नोंद वेगळी काढून ठेवा, आणि पोलिसांकडे जाताना ती सोबत न्या.